जुनी वेब्ली .३२, पण अर्धे पार्ट दुसरेच: वर्षभराच्या वापरानंतर

सरळ सांगतो. वेब्ली अँड स्कॉट मार्क फोर, म्हणजे जुनी इंग्लिश रिव्हॉल्वर, .३२ बोअर (नळीचं माप), सहा राउंडची, मधून मोडून उघडणारी, आणि डीलरचं पालुपद एकच, "साहेब, एक नंबर ओरिजिनल पीस आहे." ओरिजिनल काही नव्हता. ग्रिप दुसऱ्या, मेनस्प्रिंग दुसरी, लॅचची (नळी फ्रेमला अडकवणाऱ्या कडीची) स्प्रिंग घासून बसवलेली, दोन स्क्रू तर शिलाई मशीनमधून काढल्यासारखे, आणि सगळ्यावर वरून चकचकीत निकेलचा मुलामा. तरी घेतली. आता वर्ष होत आलं, पैसे वाया गेले असं वाटत नाही, पण तो ज्या भावात मागत होता त्या भावात घेतली असती तर नक्की गेले असते.

आधी हे की जुनी काहून घ्यायची. इथे .३८ आणि .४५५ प्रतिबंधित बोअरमध्ये येतात, त्यामुळे साध्या लायसनवर इंग्लिश रिव्हॉल्वर हवी तर गाडी .३२ वर येऊन थांबते. बाहेरून आयात ऐंशीच्या दशकातच बंद झाली, आणि बर्मिंगहॅमच्या मूळ कंपनीने १९७९ मध्ये बंदुका बनवणंच थांबवलं, म्हणजे जो माल देशात आहे तोच एका लायसनवरून दुसऱ्या लायसनवर फिरतो. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, मग ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांना ते सोडावं लागलं. माझी काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागाईतदाराकडची, अशीच तिसरी म्हणून डीलरकडे आलेली. कानपूरच्या सरकारी कारखान्याची नवी .३२ मिळतेच की, आणि तिचा साचा वेब्लीवरूनच उचललेला आहे, वेब्लीच्या नावाची सुद्धा आता यूपीत हरदोईला बनते. ज्याला नुसतं संरक्षणासाठी हवं त्याने नवीच घ्यावी, डोक्याला ताप नाही. माझ्यासारखा जुन्या लोखंडाचा शौक असेल तरच पुढचं वाचा.

माझं म्हणणं एवढंच आहे की बदललेला पार्ट म्हटला की लोक एकतर नाक मुरडतात नाहीतर "चालते ना, मग झालं" म्हणतात, आणि दोन्ही चूक आहे, कारण काही पार्ट नुसते भाव पाडतात आणि काही पार्ट तुमचा हात फोडू शकतात, तर कुठला कशातला हे पैसे मोजायच्या आधी कळलं पाहिजे.

ग्रिप घ्या. मूळच्या काळ्या, चौकटी पाडलेल्या आणि वेब्लीचं नाव असलेल्या असतात, माझ्यावर शिसवीच्या, कोण्या सुताराने प्रेमाने बनवलेल्या. संग्राहक बघून तोंड वाकडं करेल, पण हातात मूळच्यापेक्षा जाड भरतात आणि मला तेच बरं वाटतं. तक्रार एकच, स्क्रूचं भोक एका बाजूला केसभर खाली पडलंय, म्हणून रेंजवर दोन-तीनदा सिलिंडर (राउंड भरायचं फिरतं चाक) रिकामा होईपर्यंत उजवी ग्रिप हलायला लागते. आतून पातळ चामड्याची चकती लावली तेव्हापासून शांत आहे.

मेनस्प्रिंगचं प्रकरण वेगळं. यात व्ही आकाराची एकच स्प्रिंग असते आणि हॅमर (ठोका मारणारा घोडा), ट्रिगर दोघांचं काम तीच ओढते, त्यामुळे ती ढिली असली की प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर) ठोका हलका बसतो आणि राउंड फुटत नाही, कडक असली की ट्रिगर बैलगाडी ओढल्यासारखा. माझी दुसऱ्या प्रकारातली. हॅमर हाताने मागे ओढून मारलं तर छान, स्वच्छ सुटते, पण नुसता ट्रिगर ओढून मारायचं म्हटलं तर बोट थरथरतं आणि गोळी डावीकडे खाली जाते. सुरुवातीला वाटलं वापरून मोकळी होईल. नाही झाली. बंदुका दुरुस्त करणारे मिस्त्रीकाका म्हणाले, "भाऊ, कडक आहे तर राहू दे, घासून नरम करशील तर एक दिवस टक् करून तुटेल." राहू दिली. खडकीच्या सरकारी कारखान्याची काडतुसं वापरतो, हलक्या ठोक्यामुळे एकही राउंड फुटायचा राहिला नाही, म्हणजे स्प्रिंग नकली असून आपलं काम इमानदारीने करते.

खरी भीती सिलिंडरची होती. सिलिंडर आणि फ्रेमचा नंबर जुळतो का हे पहिलं बघा. माझा जुळला, नसता जुळला तर मी तिथूनच परत फिरलो असतो, कारण दुसऱ्या रिव्हॉल्वरचा सिलिंडर बसवला की चेंबर (सिलिंडरमधलं राउंड बसायचं भोक) नळीसमोर नीट येईलच याची खात्री नाही, आणि नाही आला तर गोळी कड खरवडत जाते आणि शिशाचे शिंतोडे बाजूला उडतात. काकांनी रिकामी आहे हे स्वतः पाहून, मला दाखवून, हॅमर मागे घेतला, ट्रिगर दाबून धरला आणि सिलिंडर अंगठ्याने हलवून बघितला, सहाही चेंबरवर. पाच ठिकाणी गप्प बसला, एका ठिकाणी किंचित खेळ. मग गेज घालून नळी आणि सिलिंडरमधली फट बघितली, लॅच बंद असताना नळी वर-खाली डुलते का ते बघितलं, आणि मान डोलावली. हे काम लायसन असलेल्या मिस्त्रीकडूनच करून घ्या, ओळखीच्या लेथवाल्याकडे नेऊ नका, दुरुस्तीलाही कायद्याने लायसन लागतं.

निकेलने मात्र मला सगळ्यात जास्त छळलं, ते बदललेल्या पार्टमध्ये कोणी मोजत पण नाही. चढवण्याआधी बफ मारतात, त्यात कडा गोल होतात आणि ठसे पुसट होतात. माझ्या नळीवर मुकुटाखालचं एनपी अर्धवट दिसतं, बीव्ही नखाने चाचपूनच कळतं. एनपी आणि बीव्ही म्हणजे बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचे (तिथे बंदुका तपासून ठसा मारतात) १९५४ च्या आधीचे ठसे, त्यावरून वय तरी कळलं. पण फ्रेमवरच्या नंबरातला एक ८ इतका घासलाय की तो ३ वाटतो. लायसनवर नंबर चढवताना यावरच गाडं अडलं, कारण कागदावर ८ आणि लोखंडावर ३. भिंग, टॉर्च, जुन्या मालकाच्या लायसनची झेरॉक्स, आणि टेबलाच्या पलीकडचा माणूस म्हणतोय उद्या या. झालं शेवटी, पण निकेल मारलेला पीस बघायचा तर आधी नंबर बघा, चकाकी मागून.

वापराचं म्हणाल तर मोडून उघडली की सहाही केस (काडतुसाची रिकामी पितळी नळकांडी) आपोआप एकदम बाहेर, हे सुख सिलिंडर बाजूला निघणाऱ्या नव्या साइड-स्विंगवाल्यांना नाही. फक्त झटक्यात पूर्ण उघडायची. हळूहळू उघडली की एखादी केस एक्स्ट्रॅक्टरच्या (केस बाहेर ढकलणाऱ्या पार्टच्या) चांदणीखाली जाऊन बसते आणि मग नखं तोडत बसा.

नागपूरच्या उन्हाळ्यात काही त्रास नाही, पंचेचाळीस डिग्रीत गंज कुठून येणार बाप्पा. पावसाळ्यात खरी परीक्षा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवली तर आठवड्याभरात निकेलच्या फोडांखालून तांबूस ठिपके आणि पितळी केसवर हिरवं. तेव्हापासून होल्स्टर वेगळं, रिव्हॉल्वर तेलाचा हात फिरवून सुती कापडात, कपाटात सिलिका जेल. आणि दसऱ्याला शस्त्रपूजा करा, पण हळद-कुंकू कापडावर वाहा. आमच्या आईने भक्तिभावाने थेट हॅमरवर वाहिलं, ते दिवाळीपर्यंत ब्रशने काढत होतो.

भावाचं सांगतो. डीलरने ओरिजिनल पीसचा भाव लावला होता. मी काकांनी सांगितलेली यादी समोर ठेवली, ग्रिप, स्प्रिंग, स्क्रू, निकेल, तर साठ हजारांनी खाली आला, चेहरा पाडून का होईना. बिलावर "पार्ट बदललेले" असं लिहून द्यायला मात्र तयार नव्हता, म्हणे असं कोणी लिहीत नसते. मी म्हटलं मग मी पण असे पैसे देत नसतो. लिहिलं त्याने. पुढे विकायची वेळ आली तर ते बिल मी घेणाऱ्यासमोर ठेवणार आहे, आणि तोवर मूळ ग्रिपची जोडी सापडली तर बरं, स्प्रिंग मात्र हीच ठेवणार.