इंदूरमधली एचएलए तपासणी: रक्त नीट घेतात, चारअंकी अहवाल मात्र मागून घ्या

एचएलए म्हणजे पेशींवरची ओळखीची प्रथिनं. प्रत्यारोपणाआधी रुग्ण आणि दात्याची ती जुळतात का, ते त्यांच्या जनुकांवरून या तपासणीत पाहतात. पलासिया भागातलं हे केंद्र फक्त रक्त घेतं, तपासणी बाहेरगावच्या प्रयोगशाळेत होते. रक्त घेण्याचं काम चोख आहे. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी वापरतात, रुग्ण आणि दात्याची नावं तिथल्या तिथे नळीवर लिहितात. हिरव्या झाकणाच्या नळीतलं हेपारिन पीसीआर (तपासणीसाठी डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया) अडवतं, म्हणून ती कुणी पुढे केली तर नको म्हणा. थॅलेसेमियाच्या मुलांना वरचेवर रक्त चढवावं लागतं आणि त्यातल्या परक्या पांढऱ्या पेशी नमुन्यात उतरू शकतात. इथे शेवटचं रक्त कधी चढवलं ते विचारतात, गरज पडल्यास गालाच्या आतून स्वॅब घेतात. ही काळजी फार मोलाची.

खरी अडचण अर्जात आहे. नुसतं ‘एचएलए टायपिंग’ लिहिलं की ढोबळ तपासणी लावतात आणि अहवालात ‘ए*०२’ एवढंच येतं, म्हणजे ए या एचएलए जनुकाचा दोनअंकी गट. त्यातला नेमका प्रकार ०२:०१ असा चार अंकांनी लिहितात. युरोपीय वंशाच्या लोकांत ए*०२ म्हणजे बहुतेक वेळा ०२:०१च. भारतीयांत मात्र ०२:११, ०२:०६, ०२:०३ही भेटतात. म्हणजे कागदावर दोघं ‘ए*०२’, पण पेशींवरची प्रथिनं वेगळी, आणि टी पेशींना (परकं ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींना) तो फरक बरोबर कळतो. तिकडे बऱ्यापैकी निभावणारा दोनअंकी अहवाल आपल्याकडे फसवतो तो असा.

सख्ख्या भावंडांचं थोडं सोपं. सहाव्या गुणसूत्रावरचा एचएलए जनुकांचा पट्टा सहसा अख्खाच वारशाने येतो, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तरी आईवडिलांचे नमुने सोबत द्या, कोणता पट्टा कुणाकडून आला ते स्पष्ट होतं. नात्याबाहेरच्या दात्यासाठी ए, बी, सी, डीआरबी१, डीक्यूबी१ ही पाचही जनुकं चारअंकी हवीत. प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणून ‘१० पैकी १०’ म्हणतात ते हेच.

फिट्सवरचं कार्बामाझेपिन सुरू करण्यापूर्वी तपासायचं असेल, तर अख्खं पॅकेज घेऊ नका, काउंटरवर तेच सुचवतात. फक्त बी*१५:०२ मागा. ते असलेल्यांत या औषधाने त्वचा सोलवटून काढणारी जीवघेणी प्रतिक्रिया येण्याचा धोका खूप वाढतो. नुसतं ‘बी*१५’ लिहिलेल्या अहवालावरून ते कळत नाही.

अहवालावर तपासणीची पद्धत आणि आयएमजीटी यादीची (एचएलए प्रकारांच्या आंतरराष्ट्रीय यादीची) आवृत्ती छापलेली नसते, हा मोठा दोष. त्या यादीत आज ४०,०००हून अधिक प्रकार आहेत आणि दर तीन महिन्यांनी भर पडते. दोन्ही गोष्टी प्रयोगशाळेकडून लेखी मागून घ्या, प्रत्यारोपण केंद्र त्या विचारणारच.