पानवल की एहेगाव: कोणता रेल्वेपूल पाहायचा?

पावसाळ्यात एकाच पुलापुरती सवड आहे, तर रत्नागिरीजवळचा पानवल पाहू की कसारा घाटातला एहेगाव, असं एका मैत्रिणीनं विचारलंय.

उंचीत पानवल सरस. दरीतून सुमारे ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब. त्याहून मला भावते ती त्याची बांधणी. एवढ्या खोल दरीत खालून आधार उभारण्यापेक्षा काँक्रीटचा पोकळ गाळा एका टोकाला तुकड्या-तुकड्यानं ओतायचा आणि जॅकनं खांबांवरून पुढे ढकलत न्यायचा! भारतात हे तंत्र इथेच पहिल्यांदा वापरलं गेलं.

एहेगाव तुलनेनं ठेंगणा, पण घाटाची ही वाट १८६५ मध्ये खुली झाली. तेव्हा ना आजच्यासारख्या क्रेन ना आजचं काँक्रीट, आणि चढ तर ३७ फुटांना एक फूट. आजही कसाऱ्याला बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं लागतात. मला तर तो थांबाही पुलाइतकाच बघण्यासारखा वाटतो.

मुंबईकरांना कसारा जवळ, सकाळी निघून संध्याकाळी घरी. पानवलसाठी मुक्काम धरा. गाडी दिवसाचीच घ्या आणि रत्नागिरी सुटलं की दक्षिणेकडे जाताना खिडकी सोडू नका. पूल क्षणात सरतो.

रुळांवरून चालत फोटो काढायला दोन्हीकडे जाऊ नका.

लहान मुलं, एकच दिवस किंवा जुन्या रेल्वेचं वेड असेल तर एहेगाव. पोटात गोळा आणणारी दरी आणि आधुनिक स्थापत्य हवं असेल तर पानवल. मैत्रीण स्थापत्य शिकतेय, तिला मी पानवलच सुचवलाय.