खोट्या नोंदण्या थांबवायला काय बसवावं: चित्रांचा कॅप्चा, टर्नस्टाइल की सापळ्याचा रकाना?

लहान मराठी संकेतस्थळाची सदस्य-नोंदणी खुली ठेवली की थोड्याच दिवसांत ‘xkqrt’ छापाची नावं देवनागरी यादीत उठून दिसू लागतात. ती बॉटची, म्हणजे आपोआप अर्ज भरणाऱ्या प्रोग्रॅमची असतात. या बॉटना सदस्यत्व नको असतं. प्रोफाइलमधल्या ‘संकेतस्थळ’ रकान्यात टाकलेली जुगाराची नाहीतर औषधांची लिंक शोधयंत्रांना दिसावी, एवढंच हवं असतं. म्हणून पुढचा कुठलाही उपाय निवडा, पण तो रकाना नव्या खात्यांना देऊ नका. ईमेल-पडताळणी तुम्ही लावलेली असेलच. बरेच बॉट ती सहज पार करतात, त्यामुळे ती इथे मोजलेली नाही.

चित्रांचा कॅप्चा, म्हणजे समोर माणूस आहे की यंत्र हे ओळखायचं चित्रकोडं, बसवायला सगळ्यात सोपा आणि लोकांच्या ओळखीचा. मला तो नकोसा झाला तो मुख्यतः टोकनच्या (परीक्षा पार झाल्याच्या सांकेतिक पावतीच्या) मुदतीमुळे. गूगलच्या रीकॅप्चाचं टोकन दोन मिनिटं टिकतं. मोबाइलवर देवनागरीत टंकणारा माणूस आधी ‘मी यंत्रमानव नाही’वर टिचकी मारतो, मग सावकाश नाव, गाव, परिचय लिहितो. ‘नोंदणी करा’ दाबेपर्यंत टोकन शिळं झालेलं असतं. पान परत उघडतं, पासवर्डचे दोन्ही रकाने रिकामे होतात आणि पुन्हा नवं कोडं समोर येतं. त्यात ‘फायर हायड्रंट’ असलेले चौकोन निवडायचे. अमेरिकेतल्या पदपथावरचा तो आखूड नळखांब आपल्याकडच्या किती आजी-आजोबांनी पाहिला असेल? ते तिथेच नाद सोडतात, बॉट सोडत नाही. २०२४ साली झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी रीकॅप्चाची दुसऱ्या आवृत्तीतली चित्रकोडी यंत्राकडून शंभर टक्के सोडवून दाखवली. तरीही हाच कॅप्चा ठेवायचा असेल, तर तो अर्जाच्या शेवटी, बटणाच्या अगदी वर ठेवा. निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

क्लाउडफ्लेअर कंपनीचं टर्नस्टाइल, म्हणजे कॅप्चाऐवजी वापरायची पडताळणीची चौकट, २०२२ मध्ये आलं. चित्रं नाहीत, बहुतेकांना काही करावंही लागत नाही, आणि टोकन पाच मिनिटं चालतं. जावास्क्रिप्ट बंद असेल किंवा जाहिरात-रोधक फार कडक असेल, तर मात्र अर्ज अडतो. हे बसवताना एक चूक हमखास होते: पानावर चौकट दिसते, पण आलेलं टोकन सर्व्हर तपासतच नाही. बॉट पान उघडण्याच्या भानगडीत पडत नाही, थेट अर्जाच्या पत्त्यावर माहिती पाठवतो. म्हणून बसवल्यावर टोकनशिवाय एक अर्ज स्वतः पाठवून बघा. तो स्वीकारला गेला, तर ती चौकट नुसती शोभेची आहे.

तिसरा मार्ग सापळ्याचा. माणसाला न दिसणारा एक रकाना अर्जात ठेवायचा, तो भरलेला आला की अर्ज बाजूला काढायचा. नाव निवडताना जपा. ‘फोन’, ‘पत्ता’ असं काही ठेवलंत तर ब्राउझर तो आपणहून भरतो आणि खरा माणूस अडकतो. अर्थहीन नाव द्या, रकाना सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेने) पडद्याबाहेर सरकवा, टॅब-क्रमातून काढा आणि अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन-रीडरपासूनही लपवा. जोडीला वेळ मोजा: पान दिल्याची वेळ सर्व्हरच्या सहीसह (म्हणजे ती बदलता येणार नाही अशी) अर्जात ठेवायची आणि चार सेकंदांच्या आत परत आलेला अर्ज संशयित धरायचा. नोंदणीचं पान कॅशमधून (पुन्हा देण्यासाठी साठवलेल्या पानांतून) वगळायला विसरू नका. दहा वाजता साठवलेलं पान साडेदहाला बॉटला मिळालं, तर त्याने अर्धा तास घेतला असं दिसतं आणि तो सुटतो.

यावर एक घरचा प्रश्न ठेवा. ‘दोन अधिक तीन’ नको, ते बॉटला येतं. ‘संक्रांतीला तिळाबरोबर काय देतात?’ हा प्रश्न छान वाटतो, पण उत्तरं ‘गूळ’, ‘गुळ’, ‘गुळ.’ आणि रोमन लिपीतही येतात. ही सगळी रूपं स्वीकारावी लागतात. त्यापेक्षा ‘या वाक्यातला तिसरा शब्द लिहा’ बरं. उत्तर ताडण्याआधी मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं काढा, अक्षरांचे युनिकोड संकेत एकाच रूपात आणा, नाहीतर एकच ‘ऱ’ दोन प्रकारे टंकला जाऊन बरोबर उत्तर चुकीचं ठरतं. पाच-सहा प्रश्न आलटून पालटून वापरा. हुशार भाषा-प्रारूपाला उत्तर येईलच, पण सरसकट हजारो साइटवर फिरणारा बॉट एका लहान साइटसाठी तेवढी खटपट सहसा करत नाही.

सापळ्यात सापडलेला अर्ज पुसू नका, मंजुरीच्या रांगेत टाका. त्यात चुकून अडकलेला एखादा वाचक असू शकतो.

पैसे घेऊन हाताने खाती उघडणारी माणसं यातल्या कशानेच थांबत नाहीत. कोणी नेमकं तुमच्याच साइटसाठी बॉट लिहिला असेल, किंवा नोंदण्या दिवसाला शेकड्यांत असतील, तर टर्नस्टाइलच घ्या, तिथे माझा आग्रह नाही. दिवसाला पाच-दहा नोंदण्या होणाऱ्या मंडळाच्या किंवा वाचनालयाच्या साइटवर मात्र मी आधी सापळा, वेळ आणि प्रश्न लावीन, आणि महिनाभर रांग बघून मगच टर्नस्टाइलचा विचार करीन.