ब्रॉन्क्स, खाण की मोडकं मॅनहॅटन: इटालियन प्रलयोत्तर मारधाडपट कुठून सुरू करावेत?

१९८१ साली 'मॅड मॅक्स २' आणि 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क' हे मोडलेल्या जगातले दोन परदेशी मारधाडपट आले आणि पुढची दोन-तीन वर्षं रोमचे निर्माते जग बुडाल्यानंतरच्या मारामारीमागे लागले. एक लाट ओसरली की दुसरी धरायची, ही तिथल्या धंद्याची रीतच होती. आधी वेस्टर्न, मग पोलिसपट, मग झॉम्बी. या ढिगातून सुरुवातीला बघण्याजोगी तीन नावं माझ्या मते पक्की आहेत: एन्झो कास्तेलारीचे '१९९०: द ब्रॉन्क्स वॉरियर्स' (१९८२) आणि 'द न्यू बार्बेरियन्स' (१९८३), आणि सर्जिओ मार्तिनोचा '२०१९: आफ्टर द फॉल ऑफ न्यूयॉर्क' (१९८३). एकच संध्याकाळ हाताशी असेल तर यांतला कोणता, हा खरा प्रश्न.

पैसा तिघांकडेही तुटपुंजा होता. उद्ध्वस्त जग उभं करायला खर्च येतो. तो नसताना ते आणायचं कुठून? तिन्ही सिनेमांनी याची वेगवेगळी उत्तरं शोधली आणि निवड करताना मी तेच बघतो.

'ब्रॉन्क्स वॉरियर्स'ने सरळ न्यूयॉर्क शहराचा ब्रॉन्क्स हा भागच गाठला. आतली बरीच दृश्यं रोमच्या स्टुडिओतली, पण रस्ते खरे. १९७० च्या दशकात दक्षिण ब्रॉन्क्समधल्या इमारतींच्या रांगाच्या रांगा आगीत गेल्या होत्या. काही घरमालकांनी विम्याच्या पैशासाठी आगी लावल्या, शहराने काटकसर म्हणून अग्निशमन केंद्रं बंद केली. कास्तेलारीचा कॅमेरा पोचला तेव्हा ती पडझड तशीच उभी होती. गोष्ट साधी आहे: शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीची वारस मुलगी पळून ब्रॉन्क्समधल्या ट्रॅश नावाच्या टोळीप्रमुखाकडे येते आणि तिला परत न्यायला कंपनी हॅमर नावाचा क्रूर माणूस पाठवते. ट्रॅश झालेल्या मार्क ग्रेगरीचा हा पहिलाच सिनेमा, आणि त्याचा अवघडलेपणा दिसतो. पण समोर विक मॉरो आणि फ्रेड विल्यमसन यांच्यासारखे मुरलेले नट आहेत. विल्यमसन तर नुसता उभा राहिला तरी पडदा भरतो. नदीकाठी दोन टोळ्या समोरासमोर येतात आणि तिथेच एक जण मोकळ्यावर बसून ड्रम वाजवत राहतो. तो कोण, का वाजवतोय, कुणी सांगत नाही. त्या तालावर ताण चढत जातो. या सगळ्या लाटेतलं हे माझं सर्वांत आवडतं दृश्य आहे. छायाचित्रण लुचिओ फुल्चीच्या भयपटांचा छायाचित्रकार सर्जिओ साल्वाती याचं. चौकट रुंद आहे, म्हणून बाजू कापलेली जुनी व्हिडिओ प्रत टाळा. ब्लू अंडरग्राउंड या कंपनीची ब्ल्यू-रे आवृत्ती घ्या.

'२०१९' मध्ये मॅनहॅटन लघुप्रतिकृतींतून उभं राहतं. सुरुवातीलाच जळून काळं पडलेलं शहर दिसतं आणि एक माणूस ट्रम्पेट वाजवत असतो. प्रतिकृती आहे हे कळतं, तरी मन खिन्न होतं. अणुयुद्धानंतर मुलं जन्माला येणं थांबलेलं आहे. शत्रूच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कमधून मूल होऊ शकेल अशी शेवटची स्त्री शोधून आणायला नायक पार्सिफालला पाठवतात. तिघांत सर्वांत भरीव कथा हीच. मोहिमेला सुरुवात आहे, अडथळे आहेत, नेमकं ध्येय आहे. मार्तिनोने परदेशी बाजारासाठी मार्टिन डोलमन हे नाव लावलं होतं, पण हात कसबी आहे. ज्याला आधी गोष्ट हवी, त्याने इथून सुरुवात करावी.

'द न्यू बार्बेरियन्स' रोमजवळच्या खाणींत आणि माळावर घडतो, आणि जागेचा तोच तोपणा लवकर जाणवतो. गाड्या मात्र मन लावून सजवल्या आहेत, विल्यमसनचे स्फोटक बाण आहेत आणि 'गॉब्लिन' या बँडच्या क्लाउदिओ सिमोनेत्तीचं सिंथेसायझर सिनेमाला जिवंत ठेवतं. एक गोष्ट आधीच सांगायला हवी: यात पुरुषावर बलात्काराचं दृश्य आहे आणि खलनायकांची समलैंगिकता हाच त्यांचा दुष्टपणा असल्यासारखं दाखवलं आहे. ते मला खटकतं. घरच्यांबरोबर तर हा लावूच नका.

आवाजाबद्दल एक सूचना. इटलीत तेव्हा संवाद नंतर भरायची पद्धत होती आणि एकाच दृश्यातले नट वेगवेगळ्या भाषांत बोलत. त्यामुळे ओठ आणि शब्द कुठल्याच आवृत्तीत पूर्ण जुळत नाहीत. इंग्रजी डबिंग निर्धास्तपणे निवडा.

माझा कौल 'ब्रॉन्क्स वॉरियर्स'ला. '२०१९' ची कथा त्याहून चांगली आहे, हे मान्य. पण खऱ्या माणसांची घरं जिथे जळाली त्या रस्त्यांवरून ट्रॅशची टोळी जाते, तेव्हा पडद्यावर जे वजन येतं ते प्रतिकृतीत येत नाही. तो आवडला तर लगेच त्याचा पुढचा भाग 'एस्केप फ्रॉम द ब्रॉन्क्स' (१९८३) बघा. त्यात नवं शहर वसवण्यासाठी एक कंपनी रहिवाशांना ज्वालाफेकी यंत्रं घेतलेल्या माणसांकरवी हुसकावते, आणि तो राग पहिल्या भागाहून धारदार आहे.

'२०१९' अधिक भावला तर वाट वेगळी. उंचापुरा नट जॉर्ज ईस्टमन सुरुवातीच्या तिन्ही सिनेमांत आहे. त्याचा सर्वांत चांगला अवतार हवा असेल तर जो द'अमातोचा 'एंडगेम' (१९८३) शोधा. टीव्हीवर माणसांची शिकार दाखवणाऱ्या खेळाची ती गोष्ट. त्यात कार्नाक या प्रतिस्पर्ध्याची भूमिका ईस्टमनची आहे.