अ‍ॅनिका की लोरेना?

स्वीडनची गोल्फपटू अ‍ॅनिका सोरेनस्टाम 1994 ते 2008 पूर्ण वेळ खेळली: एलपीजीएची (अमेरिकेतली महिला व्यावसायिक गोल्फची मालिका) 72 विजेतेपदं, त्यांत 10 मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धा. मेक्सिकोच्या लोरेना ओचोआनं 2003 ते 2010 एवढ्यातच 27 जिंकली, मेजर 2. सलग 158 आठवडे अव्वल क्रमांक, आणि अव्वल असतानाच 28व्या वर्षी निवृत्ती.

एलपीजीएच्या हॉल ऑफ फेमसाठी (महान खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी) 27 गुण लागतात: साध्या विजयाला 1, मेजरला 2. लोरेनाकडे गुण भरपूर होते. अडलं ते दहा वर्षं खेळण्याच्या अटीपाशी. 2022 मध्ये ती अट गेली, तेव्हा कुठे तिला जागा मिळाली. फार उशिरा!

शिकण्यासारखं मात्र अ‍ॅनिकाकडे जास्त आहे. चेंडूला क्लब (गोल्फची काठी) लागतानाच तिचं डोकं शरीराबरोबर लक्ष्याकडे वळायचं. "मान खाली ठेव" हा सल्ला अनेक जण इतका ताणतात की खांदे अडकतात, फटका अर्धवट राहतो. तिच्या स्विंगमध्ये तो अडथळाच नव्हता. 2001 मध्ये फिनिक्सला तिनं 13 बर्डींसह (बर्डी म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन चेंडू खड्ड्यात घालणं) 59 फटक्यांत फेरी संपवली.

लोरेनाचा शिखरक्षण 2007चा: स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या मैदानावर तिनं महिलांची ब्रिटिश ओपन ही मेजर जिंकली.