टॅम्रॉनची जुनी ५०० मिमी मिरर लेन्स, आतल्या डागांसकट

जुनी मिरर लेन्स (आत आरसे असलेली, दूरचं टिपणारी लेन्स) घ्यायची आहे, पण आतले डाग बघून हात आखडतोय, अशांसाठी हे लिहितेय. माझी लेन्स टॅम्रॉन एसपी ५०० मिमी एफ/८, १९७९ साली आलेलं ५५बी मॉडेल, अडॅप्टॉल-२ माउंटची, म्हणजे मागची जोडकडी बदलून वेगवेगळ्या कॅमेऱ्यांना लावता येणारी. फोर्टातल्या बोरा बाजारात सात हजारांना मिळाली. "आत थोडा फंगस आहे मॅडम, पण फोटोत येत नाही," असं दुकानदाराने स्वतःहून सांगितलं. त्याचं म्हणणं बरंचसं खरं निघालं. कुठे खरं नाही, ते पुढे सांगते.

पाचशे मिमीची असूनही ही लेन्स जेमतेम नऊ सेंटिमीटर लांब आणि सहाशे ग्रॅमच्या आसपास वजनाची. ऑफिसच्या पिशवीत डब्याशेजारी मावते. उजेड पुढच्या काचेतून आत येतो, मागच्या मोठ्या आरशावरून उलटा पुढे जातो, तिथे मध्यावर बसवलेल्या छोट्या आरशावरून परत फिरतो आणि मोठ्या आरशाच्या भोकातून कॅमेऱ्यात शिरतो. उजेड कमीजास्त करणारा डायफ्रॅम (पाकळ्यांचा पडदा) नाही, त्यामुळे एफ/८ म्हणजे एफ/८च. फोकस मात्र १.७ मीटरपर्यंत जवळ येतो. खाडीवर पक्षी नसले तर मी काठावरचे चतुर टिपते आणि तेही झकास येतात.

आता डाग. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघितलं तर कुठलीही जुनी लेन्स भीतीदायक दिसते. माझ्या लेन्सच्या पुढच्या काचेला आतून बुरशीचे बारीक धागे होते, काठाकडून मध्याकडे फाटे फुटत गेलेले. मोठ्या आरशाच्या कडेला काही ठिपक्यांपुरता चकाकता लेपच उडाला होता. धूळ तर होतीच, तिचा विचार सोडून द्या.

असा डाग फोटोत डाग म्हणून उमटत नाही. समोरच्या प्रत्येक बिंदूचा उजेड अख्ख्या आरशावर पसरून मग सेन्सरवर एकत्र येतो. एफचा आकडा म्हणजे फोकल लेन्थ भागिले उजेडाच्या वाटेचा व्यास, म्हणून ५०० ला ८ ने भागलं की साडेबासष्ट मिलिमीटर व्यास येतो. त्यात तीन मिलिमीटरचा ठिपका म्हणजे क्षेत्रफळाच्या पाव टक्क्याहूनही कमी. मधला छोटा आरसा मुळातच याच्या कितीतरी पट उजेड अडवतो. आभाळात ठरावीक जागी काळा ठिपका दिसत असेल तर तो सेन्सरवरच्या धुळीचा; लेन्सला बोल लावू नका.

पण एक जागा अशी आहे जिथे हे डाग लपत नाहीत. मिरर लेन्समध्ये फोकसबाहेरचा चमकता बिंदू कडीसारखा दिसतो, मध्ये पोकळ. ऐरोलीच्या खाडीत सकाळच्या तिरप्या उन्हात रोहित पक्ष्यांच्या मागचं पाणी चमचम करतं आणि फोटोत नुसत्या कड्याच कड्या येतात. माझ्या एका फोटोतली अशी कडी मोठी करून बघितली, तर तिच्यात बुरशीची ती फांदी जशीच्या तशी, आणि बाहेरच्या कडेला आरशाचे ठिपके करड्या टिंबांसारखे. शेजारच्या कडीतही तेच. लेन्सच्या आतला नकाशाच म्हणा ना. मला त्याचा अजिबात त्रास झाला नाही, उलट परीक्षेची पद्धत सापडली. दुकानात दूरवर एखादा बारीक एलईडी लावायला सांगा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि फोटो काढून कडी मोठी करून बघा. जे कडीत दिसतं तेवढंच चित्रात भाग घेतं. फ्रेमच्या मध्यावर घेतलेल्या कडीतलं भोक एका बाजूला सरकलेलं दिसलं, तर आरसे सरळ रेषेत नाहीत असं समजा आणि लेन्स परत द्या. असा दोष बुरशीपेक्षा कितीतरी वाईट.

बुरशीने खरं नुकसान होतं ते कॉन्ट्रास्टचं, म्हणजे उजळ आणि गडद यांतल्या फरकाचं. धागे उजेड अडवत नाहीत, विखुरतात. ऊन पाठीशी असताना फोटो ठीक यायचे. ऊन समोरून आलं की मात्र सगळं दुधाळ, रोहितांचे पाय पाण्यात विरघळल्यासारखे.

म्हणून लेन्स दुरुस्तीला दिली. कारागीर काका वयस्कर, बोलणं मोजकं. त्यांनी सगळ्यात आधी मागचा ३०.५ मिमीचा छोटा फिल्टर काढून उजेडात धरला. या लेन्समध्ये तो कायम लावलेलाच असावा लागतो, कारण तो काचांच्या हिशोबातच धरलेला आहे. अर्धा धूसरपणा त्याच्यावरच होता! तो घरीही पुसता येतो, त्यामुळे दुरुस्तीवर पैसे घालण्याआधी तो बघा. मग पुढची काच सोडवण्याआधी काकांनी काच धरणारी कडी आणि लेन्सची नळी यांवर मिळून एक आडवी खूण केली, परत बसवताना काच त्याच कोनात यावी म्हणून. छोटा आरसा त्या काचेवरच असल्याने हे फार महत्त्वाचं. काच पुसली. मोठ्या आरशावर फक्त रबरी पंपाने हवा मारली.

"ते ठिपके?" मी विचारलं.

"लेप गेलाय ताई. पुसून काय येणार? घासलं तर आहे तोही जाईल."

मला हे शंभर टक्के पटलं. नवा लेप निर्वात भांड्यात ॲल्युमिनियमची वाफ बसवून चढवतात आणि तो खर्च या लेन्सच्या किमतीपुढे परवडणारा नाही. आरसा मी तसाच ठेवलाय.

साफसफाईनंतर समोरच्या उन्हातले फोटो स्पष्ट सुधारले, पाय आणि चोची सुट्या दिसू लागल्या. तरी मिरर लेन्सचा मूळ मऊपणा राहतोच. एडिटिंगमध्ये काळे रंग थोडे खाली ओढावेच लागतात. माझ्या सोनी ए७ मार्क २ कॅमेऱ्यात स्टेडीशॉटला (हाताचा हलका थरथराट सावरणाऱ्या सोयीला) फोकल लेन्थ हाताने ५०० अशी द्यावी लागते. होडीतून मी शटर १/१००० च्या खाली आणत नाही. ढगाळ दिवशी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) इतका वाढतो की मी ही लेन्स घरीच ठेवते. उडते पक्षी टिपायचे असतील तर हिच्या नादी लागू नका, हाताने फोकस करेपर्यंत थवा निघून जातो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी परत धरायला वेळ लागत नाही. मी लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवून सांभाळते, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघते. नारंगी दाणे हिरवे झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरते. चामड्याच्या मूळ डब्यात ठेवू नका, चामडं ओल धरतं.

काठाला धागे आणि आरशावर सुटे ठिपके असतील तर भाव पाडून खुशाल घ्या. अख्ख्या आरशावर पांढुरकी साय धरली असेल, तर फुकट मिळाली तरी मी घेणार नाही.