गल्लीत नवी इमारत: जुन्याची नक्कल की आजची रचना?

मुंबईत गिरगावातल्या खोताच्या वाडीसारख्या जुन्या घरांच्या गल्लीत नव्या इमारतीचा नकाशा आला की वाद याच दोन टोकांवर होतो.

नक्कल पहिल्या नजरेत आवडते: लाकडी दिसणारा कठडा, कौलाची पट्टी, कमानी. पण जुने मजले उंच, नवे बहुधा 2.9 मीटरचे. तीच कमान बुटक्या भिंतीत कोंबली की चेपल्यासारखी दिसते. वरून चिकटवलेली नक्षी दोन-तीन पावसाळ्यांत सुटते, कारण कडेखाली पाणी तोडणारी खाच नसते आणि खाऱ्या हवेत साधे स्क्रू गंजतात. तळमजल्यावर पार्किंग असेल तर सगळंच फसतं. ओटा जातो, दाराजागी शटर येतं. (कौलाची पट्टी मात्र हमखास असते!)

आजची रचना साधी, पण कस लागतो. शेजाऱ्याच्या जोत्याची (घराखालच्या चौथऱ्याची), सज्जाची आणि छपराची रेघ पकडायची, साहित्य आजचं वापरायचं. खिडकी उभट ठेवायची, तिच्यावरचा छज्जा किमान 600 मिमी पुढे. धोका एकच: वास्तुविशारद आळशी असला तर नुसती काच आणि अॅल्युमिनियम उरतं.

आमचा कौल आजच्या रचनेला. पण अट घालून: दोन्ही बाजूंची तीन-तीन घरं दाखवणारं गल्लीचं दर्शनी चित्र 1:100 मापात, आणि सज्जाचा छेद (उभा कापून आतली रचना दाखवणारं चित्र) 1:20 मध्ये. संगणकावरचं रंगीत चित्र पुरावा धरू नये, त्यात विजेच्या तारा, एसीचे डबे आणि पाण्याचे पाइप कधीच नसतात.